तेरावी ओळ

१

ली चुनचा तक्ता लिहावा तर पेक हूननेच, हे ब्लॉक दोनशे एकोणीसमध्ये पोरासोरांनाही ठाऊक होतं. ली चुन म्हणजे वसंत लागण्याचा दिवस, चार फेब्रुवारी. त्या दिवशी आपापल्या वेळेला खात्यात पैसे भरले की वर्षभर घरात पैसा टिकतो, आणि ती वेळ ज्याच्या त्याच्या जन्मवर्षाच्या प्राण्यावर ठरते. उंदराची वेगळी, वाघाची वेगळी. सिंगापूरभर त्या दिवशी पैसे भरायच्या मशीनपुढे रांगा लागतात आणि लोक मोबाईलवर फिरणारे तक्ते बघून धावपळ करतात. या ब्लॉकात मात्र कोणी मोबाईल बघत नसे. इथे पेक हूनचा हाताने लिहिलेला तक्ता लिफ्टशेजारी लागायचा. लाल कागद, काळी शाई, बारा प्राणी, बारा ओळी.

सोळा वर्षं. एकदाही चूक नाही. मासळीबाजारात चाळीस वर्षं ठेला चालवलेली बाई. तिचा हिशेब चुकेल कसा? तिच्या नाकावर माशी बसलेली कोणी पाहिली नव्हती. लोक पंचांग उघडायच्याही भानगडीत पडत नसत.

"अगं हून, यंदा तुझं अक्षर जास्तच तोऱ्यात आहे," शेजारची यॉक मुई म्हणाली. तीन फेब्रुवारीची दुपार होती आणि पेक हून चिकटपट्टी दाताने तोडत होती.

"अक्षर नाही, लिहिणारी तोऱ्यात आहे. तू तुझ्या माकडाची वेळ बघ आणि नीघ."

यंदा तोरा असायला कारण होतं. तिची सुआन, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी झालेली एकुलती एक मुलगी, सातव्या महिन्यात होती. आधी दोनदा पोट रिकामं झालं होतं, दोन्ही वेळा पाचव्यातच. सातवा लागलेला हा पहिलाच. सुआन नर्स, असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. "मा, मी घोडा आहे की गाढव, हे मशीनला काय कळतं?" असं दरवर्षी म्हणायची. पण यंदा आईने फोनवर आवाज बारीक केला, तेव्हा तीही विरघळली. "येते बाई. बाळाच्या नावाने ऐंशी डॉलर भरते. झालं समाधान?"

झालं होतं. पेक हूनने चिकटपट्टीचा शेवटचा तुकडा लावला आणि दोन पावलं मागे सरून आपलं काम डोळे भरून पाहिलं.

"हून," यॉक मुई अजून तिथेच होती. "तेराव्या ओळीत प्राण्याचं नाव का नाही गं लिहिलंस?"

२

तक्त्यात तेरा ओळी होत्या.

पेक हूनने बोटाने मोजल्या. उंदीर, बैल, वाघ, ससा, आणि असं करत डुकरापर्यंत बारा. डुकराच्या खाली आणखी एक ओळ. डावीकडे, जिथे प्राणी असतो, तिथे कोरा लाल कागद. उजवीकडे वेळ: दुपारी एक ते एक वीस.

अक्षर तिचंच होतं. एकाचा आकडा काढताना ती शेवटी कुंचला जरासा डावीकडे ओढते, ती खोड इथेही होती. शाई तीच, तितकीच सुकलेली. ओळ आखायला पेन्सिलीची रेघसुद्धा होती, बाकीच्या बारा ओळींसारखी, आणि खालचं समासाचं अंतर अगदी बरोबर सुटलं होतं. म्हणजे कागद सुरुवातीपासूनच तेरा ओळींसाठी आखलेला. पण तिला लख्ख आठवत होतं, तिने बाराच आखल्या होत्या. आठवत होतं ना? सकाळी चहा थंड झाला तेव्हा ती मेंढीवर होती. मग माकड. मग... डुकरानंतर कुंचला धुतला. धुतलाच.

वय झालं, दुसरं काय. त्र्याहत्तरी उलटली. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला असेल, हात आपोआप चालला असेल.

एवढ्यात लिफ्ट उघडली आणि सहाव्या मजल्यावरचे अंकल केंग, त्यांच्यामागे दोन बाया आणि भाजीची ढकलगाडी असे सगळे बाहेर आले. "काय, लागला का तक्ता?" म्हणत अंकल केंग चष्मा पुसून पुढे झाले. "अरे वा. ही खालची वेळ कोणाची?"

यॉक मुईने पेक हूनकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत ती जुनी चमक होती. सोळा वर्षं ती या एका चुकीची वाट पाहत होती, बिचारी.

आता इथे "चुकलं माझं" म्हणायला किती वेळ लागतो? एक पेन मागायचं, एक रेघ ओढायची, विषय संपला. पण ते शब्द पेक हूनच्या तोंडातून नवऱ्यासमोर कधी निघाले नव्हते, बाजारातल्या तपासनिसासमोर निघाले नव्हते, तर यॉक मुईसमोर कुठले निघायला!

"ज्यांची वेळ हुकली त्यांची," ती म्हणाली. "कोणी कामावर असतं, कोणी आजारी. त्यांनी कुठे जायचं? म्हणून यंदा मी सोय केली."

"बघा!" अंकल केंग बायांकडे वळले. "मोबाईलच्या तक्त्यात आहे का हे? याला म्हणतात डोकं." आणि त्यांनी खिशातून फोन काढून तक्त्याचा फोटो काढला आणि लगेच ब्लॉकच्या ग्रुपवर टाकला.

पेक हूनची मान ताठ झाली.

३

घरी येऊन तिने कच्ची वही काढली. तक्ता लिहिण्याआधी ती वहीत मांडून घेते, हा तिचा नेम. वहीत बारा ओळी होत्या. तिने त्या दोनदा मोजल्या, मग चष्मा बदलून तिसऱ्यांदा मोजल्या. बाराच.

मग ती लाल पंचांग घेऊन बसली. दुपारी एक ते एक वीस या वेळेला कोणाचं काय आहे, हे शोधायला लागली. काही नव्हतं. चांगलं नाही, वाईट नाही, वेळच दिलेली नव्हती. आधीची घटका एकला संपत होती आणि पुढची एक वीसला सुरू होत होती. आजवर हे तिच्या लक्षात कसं आलं नव्हतं? पंचांगात घटका कशा एकाला एक लागून असतात. ही मधली वीस मिनिटं कुठून आली? तिने पान मागे उलटून कालचा दिवस बघितला. तिथे खंड नव्हता. उद्याच्याच पानावर होता.

छापणाऱ्यांची चूक, तिने ठरवलं. हल्ली कोण नीट छापतं?

तरी ती काळं पेन घेऊन खाली गेली. एकटीच असती तर ओळ खोडूनही आली असती. पण लिफ्टपाशी चौथ्या मजल्यावरची टॅक्सी चालवणाऱ्याची बायको उभी होती, आणि तिने पेक हूनचे दोन्ही हात धरले. "आंटी हून, माझ्या नवऱ्याची वेळ पहाटेची, तो तेव्हा गाडीवर असतो. तुम्ही होतात म्हणून झालं." पेन पिशवीतच राहिलं.

वर आली तर फोन वाजत होता.

"मा, फोटो पाहिला ग्रुपवर," सुआन म्हणाली. "घोड्याची नऊ ते अकरा ही वेळ मला अजिबात जमत नव्हती. पण ती खालची भारी आहे. एकला माझी जेवणाची सुट्टी. बसने दोन थांबे. येते, भरते, पळते."

पेक हूनने पंचांगाचं उद्याचं पान पुन्हा उघडलं.

"मा? आता तूच रडत होतीस ना ये म्हणून?"

"त्या वेळेला गर्दी असेल," पेक हून म्हणाली. "नको. राहू दे. मी भरेन तुझ्या नावाने."

"हे बघ, मी बदली बाई मिळवली आहे. आता नको का? वेळ वाईट आहे का ती?"

माझी वेळ, माझा तक्ता, आणि वाईट? पेक हूनची जीभ कधी कोणाला घाबरली नव्हती. त्या दिवशी ती स्वतःच्याच बढाईत अडकली. "वाईट कशाला असेल? मी लिहिली आहे," ती म्हणाली. "ये."

४

ली चुनची सकाळ दणक्यात गेली. सशाची वेळ सात ते नऊ, म्हणजे पेक हूनची स्वतःची. ती पावणेसातलाच इस्त्रीचा लाल ब्लाऊज घालून मशीनपुढे हजर होती. इमारतीखालच्या मोकळ्या तळमजल्यावर खांबांमधून रांग लागली. ज्यांना चहा प्यायला जायचं होतं त्यांनी रांगेत आपली वस्तू ठेवली: कोणी कागदी रुमालांचं पाकीट, कोणी छत्री, कोणी संत्र्यांची पिशवी. ठेवलेली वस्तू म्हणजे उभा माणूस. ती हलवायची कोणाची टाप नसते. पेक हून रांगेच्या बाजूने वरखाली फिरत होती.

"ए वाघ! तुझी वेळ संपली, हो बाजूला."

"आंटी, दोनच मिनिटं!"

"दोन मिनिटांत वाघाचं मांजर होतं. हो बाजूला."

लोक हसत होते. यॉक मुईसुद्धा हसली आणि कागदी पेल्यातून तिच्यासाठी कॉफी घेऊन आली. या गर्दीकडे बघताना पेक हूनचा ऊर भरून आला. बँकेचा साहेब आला असता तरी त्याला एवढी शिस्त लावता आली नसती. कालची भीती तिला आता खुळेपणाची वाटत होती.

साडेबाराला शेवटचा माणूस गेला. पाऊण वाजता तळमजल्यावर चिटपाखरू नव्हतं. आता हे जरा विचित्रच. जेवणाच्या वेळी पलीकडच्या खानावळीकडे जाणारी निम्मी माणसं इथूनच जातात. कोपऱ्यातल्या दगडी बाकावर बुद्धिबळ खेळणारे म्हातारे तर उठतच नाहीत. पट मांडलेला होता, म्हातारे नव्हते. अंकल केंगनी एकला येतो म्हणून दहादा सांगितलं होतं. तिने त्यांना फोन लावला. "झोप लागली हो," ते जड आवाजात म्हणाले, "उठवतच नाही." टॅक्सीवाल्याच्या बायकोने फोन उचलला नाही.

पेक हून मशीनकडे वळली आणि थांबली.

रांग लागलेली होती. माणसांची नाही, वस्तूंची. मशीनसमोर जमिनीवर एकामागे एक, हातभर अंतराने सहा वस्तू: लाकडी खडावा, टवका उडालेला इनॅमलचा डबा, बांबूच्या मुठीची काळी छत्री, वेताची टोपली, ताडपत्राचा पंखा, आणि एक कापडी बूट, लहान मुलाच्या पायाचा म्हणावा इतका छोटा, पण शिवण मोठ्या बाईच्या बुटाची.

झाडूवाल्याने कुणाचं तरी अडगळीचं सामान आणून ठेवलं असेल. मेलेल्या म्हाताऱ्याचं घर रिकामं झालं की असं निघतंच. पण ते कचऱ्याच्या खोलीकडे जातं, मशीनपुढे ओळीत लागत नाही.

"कोणाचं आहे हे?" तिने बाजारातल्या आवाजात विचारलं. त्या आवाजाला पूर्वी पलीकडच्या ठेल्यावरचे खेकडे दचकायचे. आवाज खांबांमध्ये फिरला आणि परत आलाच नाही.

वस्तू लाथेने बाजूला सारायची तिला तीव्र इच्छा झाली. पण सोळा वर्षं तिनेच लोकांना शिकवलं होतं की ठेवलेल्या वस्तूला हात लावायचा नाही. ती सुआनला थांब्यावरच गाठायला निघाली. थांब्यावर बस येऊन गेलेली होती. सुआन नव्हती. ती दुसऱ्या बाजूने, शाळेच्या वाटेने आत गेली असणार.

५

पेक हून धावत परत आली. त्र्याहत्तरीत धावणं काय असतं ते धावणाऱ्यालाच माहीत.

मशीन आणि तिच्यामध्ये ब्लॉकचा मोठा सूचनाफलक होता, चार लोखंडी पायांवर उभा. फलकाच्या खाली गुडघाभर मोकळी जागा. तिला पलीकडचे पाय दिसले.

सुआनचे पांढरे, नर्सचे बूट तिने लगेच ओळखले. रांगेत शेवटी. आणि तिच्यापुढे बाकीचे. खडावांमध्ये सुकलेले तपकिरी पाय. अनवाणी पाय. कापडी बुटात कोंबलेला एक मुडपलेला, बोटभर पाय, जुन्या काळी मुलींचे पाय बांधून लहान ठेवायचे तसा. सगळे मशीनकडे तोंड करून, हातभर अंतराने, शिस्तीत.

एवढ्या शिस्तीची रांग तिने स्वतःसुद्धा कधी लावली नव्हती. भीतीच्या पोटातही तिच्या मनात हे येऊन गेलं, आणि त्याची तिला लाज वाटली.

मग तिला दिसलं की सुआनच्या पुढच्या कोणाच्याच टाचा जमिनीला लागलेल्या नाहीत. सगळे चवड्यांवर, टाचा इंचभर वर, आणि एकही पाय डुगडुगत नव्हता. सुआनच्या डाव्या बुटाची टाच जमिनीवर होती. उजव्या बुटाची उचलली जात होती, हळूहळू, तिच्या नकळत.

"सुआन!"

सगळे पाय वळले. एकदम, आवाज न करता. आता सगळ्या बोटांचं तोंड फलकाकडे होतं, पेक हूनकडे. पांढऱ्या बुटांचंही, आणि आता त्यांच्याही दोन्ही टाचा वर होत्या.

"आंटी," फलकामागून कोणीतरी म्हणालं. म्हाताऱ्या माणसाचा आवाज, अदबीचा, तिच्या आजोबांच्या गावच्या बोलीतला. ती बोली तिने पन्नास वर्षांत ऐकली नव्हती. "वेळ तुम्हीच लिहिलीत ना?"

फलकाला वळसा घालायला तिचा पाय उचलेना. आणि वळसा घातला असता तर काय दिसलं असतं, याचा विचार तिने केला नाही, हे तिच्या हुशारीचंच लक्षण म्हणायचं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. "अशी वेळ नाही. मी चुकून लिहिली. तुम्ही जा."

"लिहून लावलीत. चार माणसांत आमची आहे म्हणालात. वेळ हुकलेल्यांची." आवाजात राग नव्हता, त्यामुळेच अंगावर काटा येत होता. "किती वर्षं झाली, कोणी वेळच देत नव्हतं. आम्ही आलो. मोजणी झाली. सहा आणि ही दोन, आठ. शुभ आकडा आहे."

ही दोन.

पेक हूनच्या आत काहीतरी सटकलं, आणि त्या सटकण्याने तिचे पाय मोकळे झाले. तिने कंबरेवर हात ठेवले. समोर मासळीचा ठेला असता तर सुरा उचलला असता.

"आठ म्हणे! वीस मिनिटांत आठ जण? एकेकाला अडीच मिनिटं, त्यात मशीन दोन नोटा परत फेकतं. कोणाचं काय होणार आहे? मला धंदा शिकवू नका." तिचा आवाज थरथरत होता, पण तो चढत होता. "ही पोरगी रांगेतून काढा. मी तुम्हाला माझी वेळ देते. सशाची. सात ते नऊ, पुरते दोन तास, उजाडल्यानंतरची पहिली घटका. या ब्लॉकात याहून चांगली वेळ नाही."

पाय आपसात विचार करत असावेत असे किंचित एकमेकांकडे वळले.

"यंदाची सकाळ तर गेली," आवाज म्हणाला.

"पुढच्या वर्षी. त्याच्या पुढच्या. दरवर्षी. मी काही अर्धा किलो देऊन पाऊण सांगणारी नाही. बाजारात कोणालाही विचारा." तिने श्वास घेतला. "आधी पोरगी बाहेर."

पांढऱ्या बुटांच्या टाचा खाली आल्या. आधी डावी, मग उजवी. बूट रांगेतून निघाले, फलकाच्या कडेने आले, आणि त्यांच्यावर सुआन होती, अख्खी, पोटावर हात धरून, कपाळ घामाने डबडबलेलं.

"मा, कोणाशी भांडतेस?" ती म्हणाली. "काय रांग आहे गं! आणि सगळे म्हातारे, कोणी एक शब्द बोलेल तर शपथ. माझी सुट्टी संपेल. आणि हा बघ, केवढ्या लाथा मारतोय आत."

पेक हूनने लेकीच्या पोटावर तळवा ठेवला. आत खरोखरच धुमाकूळ चालला होता. तिला रडू आलं, ते तिने गिळलं.

"खानावळीत जा. यॉक मुई बसली असेल तिथे. तिला म्हण, माझ्या आईचा तक्ता चुकला. असंच म्हण, ऐकून तिला घास गोड लागेल. आणि मागे बघू नकोस."

"तू?"

"मी आलेच. रांगेचं थोडं बघायचं आहे."

सुआन डोकं हलवत गेली. खांबांपलीकडच्या उन्हात तिची पाठ पूर्ण दिसेनाशी होईपर्यंत पेक हूनने नजर हलवली नाही. मग ती फलकाकडे वळली. पाय तिची वाट पाहत होते.

"कोणाच्या नावाने लिहायची?" आवाजाने विचारलं. "ससे पुष्कळ असतील. आम्ही भलत्याच घरी जायला नको."

भलत्याच घरी. म्हणजे सुआनच्याही; रांगेत त्यांनी तिला मोजलंच होतं.

पेक हूनने ब्लाऊज खाली ओढून सारखा केला, सुटलेली बट कानामागे सारली, आणि ज्या आवाजात चाळीस वर्षं बाजाराला भाव ऐकवला त्या खणखणीत आवाजात, कुणाची गफलत व्हायला नको म्हणून सावकाश, तिने सांगितलं:

"क्वा पेक हून. ससा, एकोणीसशे एक्कावन्न. ब्लॉक दोनशे एकोणीस, अकरावा मजला, लिफ्टमधून निघालात की डावीकडचं तिसरं दार. घरात मी एकटीच असते."